कौतिक भगताचं पोट

कौतिकचं पोट परत दुखायला लागलं ते श्रावणात, आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नाही. भीतीने नव्हे, लाजेने. माणसाला पोट दुखण्याची लाज वाटावी हे ऐकायला विचित्र वाटेल. पण कौतिकचं पोट आता त्याच्या एकट्याचं राहिलं नव्हतं. ते अख्ख्या धामणखेड्याचं झालं होतं, आणि आजूबाजूच्या गावांचंही.

धामणखेडे म्हणजे फैजपूरपासून थोडं आत, सातपुड्याकडे तोंड करून बसलेलं गाव. चहूबाजूंनी केळीच्या बागा इतक्या दाट, की गावात शिरेपर्यंत गाव दिसत नाही. कौतिकची बाग लहान, पण पाण्याची. माणूस उंच, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. केळीच्या चिकाचे काळपट डाग त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर, आणि ते कशाने निघत नाहीत म्हणून त्याची बायको बेबाबाई त्याला पांढरं कापड घेऊच देत नसे. वर्षभर तो असा चारचौघांसारखा शेतकरी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत मात्र तो कौतिक नसे, मरीमायचा भगत असे.

आखाजीला संध्याकाळी मरीमायच्या यात्रेत बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. बैल एकालाही जुंपत नाहीत. गाड्यांवर पोरंटोरं, बाप्ये, जागा मिळाली तर पाहुणेसुद्धा चढून बसतात. पुढे भगत उभा राहतो, अंगाला हळद, कमरेला दोर. दोन्ही बाजूंनी त्याला धरून धावणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. डफ वाजायला लागले, मायच्या नावाचा गजर झाला, की भगत त्या गाड्या ओढत मंदिरापर्यंत नेतो. हल्ली घरोघर ट्रॅक्टर आले, त्यामुळे बारा गाड्या गोळा करतानाच कमिटीचा घाम निघतो. लोक म्हणतात, ओढणं सोपं, जमवणं कठीण. असं म्हणणारे अर्थात वर बसणारे असतात.

कौतिकचा बाप भगत होता, त्याच्या आधी आजा. बाप गेला त्या वर्षी कौतिकच्या कमरेला दोर आला आणि मग दरवर्षी येत राहिला. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही कुणाला विचारलं नाही. एकदा बेबाबाईने विचारलं होतं, की गाड्या खरंच माय ओढते का तुम्ही? त्यावर तो म्हणाला, की दोर ताणला जातो तेव्हा आपल्याला काही कळत नाही, आणि न कळणं हीच माय असेल. बेबाबाईला ते उत्तर पटलं. मलाही पटतं. तेव्हा या माणसाला कुणी ढोंगी समजू नये. ढोंग त्याच्या वाट्याला पुढे आलं, आणि ते त्याला फार महाग पडलं.

त्या श्रावणाच्या आदल्या वर्षी, गुढीपाडव्यानंतर पंधरवड्याने, कौतिक बागेत घड कापताना खाली बसला तो उठेना. तोंडातून रक्त आलं. त्याआधी कितीतरी दिवस संडासला डांबरासारखं काळं होत होतं, पण अशी गोष्ट कोण कुणाला सांगतो? जळगावच्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा आतड्याच्या तोंडाशी फोड होता, तोच फुटून वाहत होता. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात एक जंतू असतो, हे त्याचं काम आहे. दोन आठवड्यांचा कोर्स देतो, एकही गोळी चुकवायची नाही, उपाशी राहायचं नाही, जड ओढायचं-उचलायचं नाही. बेबाबाईने प्रत्येक वाक्याला मान हलवली. कौतिकही हलवत होता.

घरी आला आणि कोर्स निम्म्यावर असताना आखाजी जवळ आली. हळद लागायची वेळ झाली. हळद लागली की भगत घरचं अन्न खात नाही, पायात वहाण घालत नाही, मंदिरातच राहतो, दिवसाकाठी घोटभर दुधावर. आणि औषधपाणी घेत नाही. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण आज्याने पाळला, बापाने पाळला. त्या वर्षी बेबाबाई प्रथमच नवऱ्यासमोर आडवी उभी राहिली. यंदा दुसऱ्या कुणाला तरी ओढू द्या, म्हणाली. कौतिक म्हणाला, ओढायची असेल तर माय ओढील आणि मारायचं असेल तर तीच मारील. गोळ्यांचं पाकीट त्याने देव्हाऱ्यात ठेवलं आणि हळदीला बसला.

आणि त्याने गाड्या ओढल्या. दरवर्षीपेक्षा सरळ आणि वेगाने ओढल्या. बगले मागे पडले असं बघणारे सांगतात. कंबर मात्र धरली, म्हणून मेडिकलमधून दुखणं मारणाऱ्या गोळ्या आणून त्याने त्या महिनाभर खाल्ल्या. पोटाच्या राहिलेल्या गोळ्या देव्हाऱ्यातच राहिल्या. आषाढात पुन्हा दुर्बीण घातली तर फोड भरलेला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, इथे बघा, फक्त वण राहिलाय. आणखी एक तपासणी करा, जंतू गेला की नाही ते बघायला हवं, असंही ते म्हणाले. पण 'भरलाय' हा शब्द ऐकल्यावर पुढचं ऐकायला कौतिक त्या खोलीत नव्हताच. तो मनाने मंदिरात पोचला होता.

गावाला यापेक्षा जास्त काही नको होतं. डॉक्टरने जड उचलू नको म्हटलं, भगताने बारा गाड्या ओढल्या. डॉक्टरने उपास नको म्हटलं, भगताने उपास केला. गोळ्या सोडल्या आणि फोड भरला. यात्रा कमिटीचा प्रेमराज, ज्याचं खताचं दुकान आहे आणि ज्याला माइक हातात आला की सोडवत नाही, त्याने ही हकीकत गणपतीत सांगितली, नवरात्रात सांगितली, कुणाच्या लग्नात हार-तुरे चालू असताना सांगितली. प्रत्येक वेळी कौतिकच्या तोंडातून पडलेलं रक्त थोडं वाढत गेलं.

मग लोक येऊ लागले. ज्याचं पोट दुखतं तो मंगळवारी धामणखेड्याला. यावलकडून, रावेरकडून, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतूनसुद्धा. कौतिक मंदिराच्या ओट्यावर बसे, मायसमोरच्या धुनीतला काळा अंगारा चिमटीत घेऊन समोरच्याच्या तळहातावर ठेवी. पैसे घेत नसे. कुणाला गोळ्या सोडा असंही तो कधी म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडली नाही, त्याचं पोट समोर बसलेलं होतं. पहिल्यांदा तो संकोचला. पुढे पुढे त्याला ते आवडायला लागलं, हेही सांगितलं पाहिजे. आयुष्यभर कमी बोललेल्या माणसापुढे लोक आपलं दुखणं घेऊन बसतात आणि जाताना हलके होऊन जातात, याची गोडी कुणालाही लागेल. दुसऱ्या वर्षीही त्याने गाड्या ओढल्या आणि तो अगदी बरा होता.

आणि श्रावणात पहाटे ते दुखणं परत आलं. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, जिथे पूर्वी होतं तिथेच. कुरतडल्यासारखं. काही खाल्लं की थांबे आणि पोट रिकामं झालं की पुन्हा सुरू. कौतिकने अंथरुणात पडल्या पडल्या ते दुखणं ओळखलं. घर सोडून गेलेला भाऊबंद परत दारात उभा राहावा, तसं ते होतं. तो उठला, डब्यातली ग्लुकोजची बिस्किटं खाल्ली आणि मंगळवार होता म्हणून आंघोळ करून मंदिरात गेला. त्या दिवशी ओट्यावर गर्दी होती. समोरचे म्हणत होते, भगत, इथे दुखतं. आणि ज्या जागी ते हात ठेवत होते नेमक्या त्याच जागी त्याला दुखत होतं.

बेबाबाईपासून ते किती दिवस लपणार होतं? बिस्किटांचे पुडे संपायला लागले. ठेच्याची वाटी तो हळूच बाजूला सारायला लागला. पोळ्याच्या जेवणावळीत वरण-बट्टी सोडून नुसता भात कालवून उठला. शेवटी एका पहाटे ती चुलीपाशी त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुमी मले येडी समजता का?" ती म्हणाली. "पुन्हा आला ना तो फोड?"

कौतिकने मान हलवली. मग म्हणाला, "कोनाले सांगू नोको."

तिने सांगितलं नाही. पण त्याला दवाखान्यात नेल्याशिवाय ती गप्पही बसणार नव्हती. आता प्रश्न आला की जायचं कुठे. फैजपूरला गेलं तर संध्याकाळच्या आत गावात कळणार. भुसावळला अर्धं गाव भाजीला जातं. जळगावच्या दवाखान्यात तर गावातली एक पोरगी नर्स. म्हणून दोघं धुळ्याला गेली. बेबाबाईचा मावसभाऊ तिथे असतो, त्याच्या घरी सोयरिकीची बोलणी आहेत असं गावात सांगितलं. स्वतःच्या पोटाचं औषध आणायला माणूस जिल्हा सोडून गेला. एसटीत कौतिकने तोंडाला रुमाल बांधला होता, धुळीचं निमित्त करून.

धुळ्याची डॉक्टरीण तरुण होती. तिने पुन्हा दुर्बीण घातली, जुने कागद पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला की त्या वेळचा कोर्स पूर्ण केला होता का. बेबाबाईने हळदीचं, कमरेच्या गोळ्यांचं, सगळं सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, जखम भरली होती हे खरं. पण ती करणारा जंतू अर्ध्या गोळ्यांनी मेला नव्हता, तो आत तसाच होता. वर कमरेच्या गोळ्यांनी त्याला मदत केली. असे फोड भरतात आणि परत होतात, मूळ गेल्याशिवाय थांबत नाहीत. या वेळी कोर्स पूर्ण करा, मग महिन्याने तपासणी करा, फोडाची रोजची गोळी मात्र सहा महिने चालू ठेवा, आणि यापुढे गाड्या नाहीत.

"मंग तव्हा मायनं काय केलं?" कौतिकने विचारलं. त्याला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "तेव्हा तिने तुम्हाला वेळ दिला, असं समजा. तो तुम्ही वापरला नाहीत."

गोळ्या घरात ठेवायची सोय नव्हती, घरात बायाबापड्यांची सतत ये-जा. म्हणून त्याने त्या बागेतल्या झोपडीत, पंपाच्या पेटीमागे, खताच्या रिकाम्या गोणीत ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ तो बागेत चक्कर मारायला जाई, चोरासारखा इकडेतिकडे बघे आणि गोळी गिळे. मंगळवारी त्याच हाताने अंगारा वाटी. आठवड्याभरात दुखणं थांबलं. पोट शांत झालं तसा तो जास्तच अस्वस्थ झाला, कारण आता आपल्याला कशाने बरं वाटतंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि समोर बसलेल्यांना ते ठाऊक नव्हतं. सांगायचं त्याने ठरवलं होतं. दिवाळी झाली की सांगू. मग ठरवलं, देवदिवाळी होऊ दे. कबुली द्यायला मुहूर्त शोधणारा माणूस तिथेच हरलेला असतो.

या सगळ्यात धुरपदाबाई आली.

धुरपदाबाई कौतिकच्या घरामागे राहायची. नात्याने कुणीच नव्हे, पण कौतिकची आई तो लहान असताना गेली तेव्हा हिने त्याला आपल्या पोरांच्या पंगतीत बसवून कळण्याची भाकर खाऊ घातली होती. तो तिला अक्का म्हणे. आता म्हातारी झाली होती, गुडघे धरले होते, गुडघ्यांच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खायची. त्या गोळ्यांनी पोट बिघडलं. फैजपूरच्या डॉक्टरने गुडघ्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं आणि पोटाच्या लिहून दिल्या. अक्काने उलटं केलं. गुडघ्याच्या चालू ठेवल्या, कारण गुडघे दुखले की चालता येत नाही; आणि पोटाच्या सोडल्या, कारण पोटाला कौतिकचा अंगारा होता. हे तिने ओट्यावर चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगितलं. आपल्या हातचं जेवून मोठा झालेला पोर भगत झाला, त्याच्या चिमटीतून माय औषध देते, मग मेडिकलवाल्याच्या दारात कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. कौतिकने ते ऐकलं. गोळ्या सोडू नको अक्का, असं तो पुटपुटला. ते तिला ऐकू गेलं नाही, की त्याने तेवढंच हळू म्हटलं, हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी ती नातसुनेचा हात धरून आली. नातसून कामिनी तिला पायरीवर टेकवून बाहेर उभी राहिली. अक्काचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, पण डोळे आनंदाने चमकत होते. ती पुढे सरकली आणि कौतिकच्या कानाशी येऊन बोलली.

"अंगारा लागू पडला रे कौतिक. पोटातली बठ्ठी घान निंघू राह्यली. दोन-तीन दिवसांपासून काईभोर होते मले. अंगाऱ्यासारखीच."

कौतिकचा हात धुनीवरच थांबला. काळं म्हणजे काय हे त्या ओट्यावर बसलेल्या माणसांत एकट्या त्याला माहीत होतं. ते त्याच्या स्वतःच्या पोटातून गेलं होतं. ती घाण नव्हती, ते रक्त होतं. म्हातारी आतल्या आत वाहत होती आणि देवाचे आभार मानत होती.

मागे माणसं बसली होती. प्रेमराज खांबाला टेकून कुणाला तरी तीच हकीकत सांगत होता. कौतिक म्हणाला, अक्का, आजच डॉक्टरकडे जा, आत्ता जा. त्याचा आवाज एवढा कापला, की तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग हसली.

"तू गेलता का हयद लागल्यावर?" ती म्हणाली.

एवढंच बोलायचं होतं त्याला, की नाही गेलो आणि म्हणून परत आलं. परत आलं अक्का, माझं परत आलं. एवढे चार शब्द. समोर ती तळहात पसरून बसली होती, मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघत होती, आणि कौतिक भगताने अंगाऱ्याची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती जिभेवर घेतली, मायकडे बघून हात जोडले आणि कामिनीच्या आधाराने घरी गेली.

हे मी मुद्दाम सावकाश सांगितलं. या माणसाबद्दल मला माया आहे, पण इथे त्याला माफ करायला जीभ वळत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तिच्या घरी गेला. रात्र कशी गेली ते बेबाबाईला माहीत. चारचौघांत नाही तर नाही, अक्काला तरी एकटीला सांगायचं असं ठरवून तो गेला, तर दारात कामिनी रडत उभी. म्हातारी मोरीत पडली होती, शुद्ध येत-जात होती. कौतिकने केळी भरायला आलेली पिकअप थांबवली, मागे गोधडी टाकली, अक्काला उचललं. उचलताना त्याच्या लक्षात आलं की ती किती हलकी झाली आहे. बेबाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, कौतिक पायाशी बसला, आणि गाडी जळगावच्या रस्त्याला लागली.

भुसावळ मागे पडल्यावर तिने डोळे उघडले. कौतिक वाकला आणि बोलला. इतके महिने जे जमलं नव्हतं ते त्या हादरणाऱ्या गाडीत, केळीच्या पाल्यावर बसून, एका दमात बोलून गेला.

"अक्का, माह्यं पोट पुन्हा दुखते. श्रावनापासून. मी धुयाले जाऊन गोया आनल्या. चोरून खातो. अंगाऱ्यानं काहीच नाही झालं, अक्का. तू म्हनली ती घान नाही, ते रगत हाये. मले माहीत होतं. कालबी माहीत होतं."

धुरपदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. शिवी देईल असं त्याला वाटलं. द्यावी असं वाटलं. तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"टायमावर खातो ना पन?" ती म्हणाली. "खात जाय. उपाशी राहू नोको."

ती त्यानंतरही बोलली, पण ते तिच्या मेलेल्या नवऱ्याशी आणि लहानपणीच्या कुणाशी. दवाखान्यात रक्त चढवलं, दुर्बिणीतून वाहतं थांबवायचा प्रयत्न केला. वय, अशक्तपणा, उशीर, सगळं एकत्र आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

कौतिकला वाटलं होतं आता गाव आपल्याला धरील. तो त्याची वाट बघत होता म्हणा ना. स्मशानात तो मुद्दाम पुढे उभा राहिला, की कुणीतरी गचांडी धरावी. पण धरायला कुणी आलं नाही. लोक म्हणाले, म्हातारी पिकलं पान होती. काहीजण म्हणाले, मायकडे यायला तिने उशीर केला. प्रेमराजने तर असं काढलं, की गुडघ्याच्या गोळ्या खात होती ना, म्हणून अंगारा बाधला. मायचं औषध आणि डॉक्टरचं औषध एकत्र चालत नाही. कामिनी येऊन कौतिकच्या पाया पडली, शेवटी तुम्ही धावून आलात म्हणून. तो तिथून उठला आणि बागेत जाऊन केळीच्या खोडाला डोकं टेकून मोठ्याने रडला. बेबाबाईने त्याला रडू दिलं. थांबवावं असं तिला वाटलं नाही.

तेरावं झालं. त्यानंतरच्या मंगळवारी त्याने बागेतून गोळ्यांचं पाकीट आणलं, उघड्या हातात धरलं आणि मंदिराकडे चालत गेला. बेबाबाई मागोमाग गेली. ओट्यावर नेहमीसारखी माणसं बसली होती. पुढेच सुंदरबाई होती, विटव्याकडची, पोट धरून बसलेली. ती दुसऱ्यांदा आली होती. कौतिक धुनीकडे गेला नाही. तो माणसांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की माझा फोड परत झाला आहे. मायने मला बरं केलं नव्हतं, अर्ध्या गोळ्यांनी केलं होतं, आणि अर्ध्या मी सोडल्या म्हणून तो परत आला. धुरपदा अक्काला मी हे सांगितलं नाही म्हणून ती मेली. मी यंदा गाड्या ओढणार नाही. तुम्ही सगळे उठा आणि डॉक्टरकडे जा.

एवढं तो आयुष्यात एका वेळी कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याने पाकिटातली एक गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, जिभेवर ठेवली आणि तांब्यातलं पाणी प्याला.

बेबाबाईला वाटलं, झालं, सुटला माणूस. मग प्रेमराज घसा साफ करत उठला. भगताचं मन किती मोठं आहे बघा, असं तो म्हणाला. अक्का आईसारखी होती, दुःखाने माणूस स्वतःवर घेतो. आणि माय आपल्या भगताची परीक्षा बघते, हे काय आजचं आहे का? माणसांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. उठून कुणी गेलं नाही.

कौतिक म्हणत होता, तसं नाही, तुम्ही ऐका, तसं नाही. तेवढ्यात सुंदरबाई गुडघ्यांवर पुढे सरकली. तिने पदर डोक्यावर सारखा केला, एका तळहाताखाली दुसरा घेतला आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"मलेबी एक द्या, भगत," ती म्हणाली. "तुमच्या हातची."

त्याने तिला सांगितलं, की ही माझ्या दुखण्याची आहे, तुला काय झालंय ते आधी तपासायला पाहिजे. तिने हात तसेच धरले. तिच्या मागचा म्हातारा सरकून जवळ आला आणि त्यानेही हात पुढे केला. मग त्याच्या शेजारच्या बाईने केला. कौतिक पाकीट मुठीत दाबून सांगत होता, मोठ्याने सांगत होता, डोळ्यांतून पाणी वाहत असताना सांगत होता, आणि ओट्यावरच्या एकानेही हात मागे घेतला नाही.